वाडग्यातला दरबार
(प्रस्तावना)

काशान हे इराणी वाळवंटाच्या कडेला वसलेले व्यापारी शहर. इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक सुलतानांच्या राजधान्या इस्फहान, मर्व, हमदान अशा ठिकाणी होत्या. काशानला तो मान नव्हता. तरी बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशानच्या कुंभारांनी भांड्यांवर दरबारामागून दरबार रंगवले. सिंहासनावर मांडी घालून बसलेला राजा, दोन्ही अंगांना उभे सेवक, चंग नावाचे तंतुवाद्य छेडणारी स्त्री, मनगटावर ससाणा घेतलेला स्वार, त्याच्यामागे घोड्याच्या पुठ्ठ्यावर बसवलेला शिकारी चित्ता, तळ्याकाठी रंगलेली बैठक आणि तळ्यात मासे. वीतभर रुंदीच्या वाडग्यात हे सगळे मावते. या भांड्यांना आज 'मिनाई' म्हणतात. त्यांच्या काळात लोक त्यांना 'हफ्त रंग', म्हणजे सात रंगांची भांडी म्हणत. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यातल्या म्हसावदला बसून कोणी इराणी भांड्यांवर मराठीत का लिहावे, असे वाचकाच्या मनात येईल. रंगवलेल्या मातीचे वेड आमच्या तालुक्याला नवे नाही. म्हसावदच्या दक्षिणेला, तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. दक्षिणकाशी म्हणून सगळा खानदेश त्याला ओळखतो. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले. सर्वांत खालच्या थरांत ताम्रपाषाण काळातली, साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची, लाल मातीवर काळ्या रंगाने रंगवलेली खापरे निघाली. माळवा आणि जोर्वे या दोन्ही परंपरांची ती खापरे आहेत. सातपुडा ओलांडून नर्मदेवर गेले की नावडातोली लागते. तिथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना तोटीची जी भांडी मिळाली, तशीच भांडी त्यांना इराणमधल्या सियाल्कच्या टेकाडात दिसली, आणि या दोन मुलखांत जुने नाते असावे असे त्यांनी मांडले. ते साम्य कितपत ओढावे यावर पुढे विद्वानांत बराच वाद झाला. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच, की सियाल्कचे टेकाड काशान शहराच्या अगदी अंगाला आहे. आपल्या भागातले खापर हातात घेऊन ज्याने विचार केला, त्याची नजर काशानपर्यंत गेली. मीही त्याच वाटेने गेलो.

आता भांड्यांकडे. काशानच्या कुंभाराला चिनी भांड्यांचा हेवा होता. चीनमधून येणारे पांढरेशुभ्र, पातळ, खणखणीत भांडे श्रीमंतांच्या घरी मिरवत होते, आणि इराणात तसली माती नव्हती. त्याने वेगळी युक्ती केली. अबुल कासिम नावाच्या काशानी लेखकाने १३०१ साली ती लिहून ठेवली आहे. दहा भाग गारगोटीची भुकटी, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. हा लगदा चाकावर नीट चढत नाही, हाताळायला अवघड, पण भाजला की पांढरा आणि कणखर होतो. अबुल कासिम स्वतः कुंभारांच्याच घराण्यातला. त्याच्या घराण्यात चार पिढ्या भट्टी पेटलेली होती. त्याने लेखणी धरली आणि मंगोल दरबारात इतिहासकार झाला. धंद्यातल्या माणसाने धंद्याचे गुपित कागदावर उतरवावे, असे मध्ययुगात फार क्वचित घडले आहे. त्याच्या त्या थोड्या पानांवर आजचे सगळे अभ्यासक उभे आहेत.

मिनाईचे काम दोन भट्ट्यांचे. पहिल्यांदा निळा, फिरोजी, हिरवा, जांभळा असे आच सोसणारे रंग अपारदर्शक पांढऱ्या झिलईत भरायचे आणि भांडे कडक आचेत भाजायचे. मग काळा, तांबडा, पांढरा असे नाजूक रंग वरून बारीक कुंचल्याने लावायचे, कुठे सोन्याचा वर्ख चिकटवायचा आणि भांडे पुन्हा मंद आचेत ठेवायचे. दुसऱ्या भट्टीत आच चढली की सगळे रंग फुटतात, उतरली की बसत नाहीत. एवढा खर्च, एवढे सरपण आणि एवढी जोखीम पत्करून कुंभार हे काम करत होता, म्हणजे घेणारा होता. नेमका तो घेणारा कोण, या प्रश्नाभोवती हे पुस्तक फिरते.

सरळ उत्तर असे वाटेल की राजे-सरदार. चित्रात राजा आहे, म्हणून भांडे राजाचे. बराच काळ तसेच मानले गेले. परंतु वाडग्याच्या काठाकडे पाहावे. तिथे अरबी लिपीत बहुधा आशीर्वाद असतो: या भांड्याच्या मालकाला मान मिळो, भरभराट होवो, दीर्घायुष्य लाभो. मालकाचे नाव मात्र नसते. सुलतानाने भांडे करवून घेतले असते तर त्याचे नाव, त्याच्या बिरुदावल्या मोठ्या अक्षरांत आल्या असत्या. धातूच्या कामात आणि इमारतींवर त्या भरभरून येतात. इथे जागा मोकळी आहे. जो पैसे मोजेल तो मालक. भांडे आधी तयार झाले, गिऱ्हाईक मागून आले. हे गिऱ्हाईक म्हणजे काशान, रय, निशापूर अशा शहरांतला व्यापारी, कारकून, काझी, सुस्थितीतला कारागीर. त्याने दरबार कधी आतून पाहिला असेल-नसेल. वाडग्यातले सरबत संपत आले की तळाशी राजा दिसे, आणि राजाच्या वाट्याचे सुख आपल्याही वाट्याला यावे अशी इच्छा काठावर लिहिलेली असे. या चित्रांतला दरबार कुठल्याही एका सुलतानाचा नाही, तो बाजारातल्या माणसाने मनात वसवलेला दरबार आहे, असे माझे मत आहे आणि या पुस्तकात मी ते शेवटपर्यंत धरून ठेवले आहे.

काळ पाहिला तर हे मत अधिक पटते. थोरला सेल्जुक सुलतान संजर ११५७ साली वारला आणि त्याच्या राज्याचे तुकडे पडत गेले. मिनाईचा बहर त्यानंतरचा आहे. खरा दरबार डळमळत असताना बाजारात चितारलेला दरबार सर्वांत जास्त खपत होता.

या सगळ्या कुंभारांत एकाचे नाव मनात घर करते. अबू झैद. त्याची सही आणि ११८६ सालची तारीख असलेला मिनाई वाडगा आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तळ्याकाठच्या बैठकीचे चित्र त्यात आहे. अबू झैद पुढे सुमारे तीन दशके काम करत राहिला. त्याला शब्दांचीही ओढ होती. भांड्यांवर त्याने फारसी कविता लिहिल्या आणि काही ठिकाणी ही कविता माझीच आहे असेही नोंदवले. कुंभाराने आपल्या कामावर नाव, तारीख आणि स्वतःची कविता टाकणे यामागे किती आत्मविश्वास असेल! याच माणसाने मुहम्मद इब्न अबी ताहिर या दुसऱ्या काशानी उस्तादाबरोबर कुम आणि मशहद इथल्या पवित्र दर्ग्यांच्या फरशांचे काम केले. मशहदच्या कामावर १२१५ साल आहे. तिथे माणसाचे चित्र नाही; अक्षरे आणि वेली आहेत.

इस्लामी कलेत माणूस नसतो, ही आपल्याकडची ठाम समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. प्रार्थनेच्या जागी माणूस नसतो. घरच्या भांड्यावर, हमामात, पुस्तकात तो मोकळेपणाने येतो. एकाच कारागिराचा हात दर्ग्यात अक्षरांवर चालतो आणि वाडग्यात चंग वाजवणाऱ्या बाईवर, आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही. वाचकाने पुढची पाने उलटण्याआधी ती समजूत बाजूला ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

चित्रांतले चेहरे पाहून दुसरा गोंधळ होतो. प्रत्येकाच्या डोक्यामागे तेजोवलय आहे. राजाच्या मागे आहे तसे हुजऱ्याच्याही मागे आहे, गाणारणीच्याही आणि घोडेस्वाराच्याही. ही साधुत्वाची खूण नाही. गर्दीच्या चित्रात चेहरा उठून दिसावा म्हणून केलेली ती सोय आहे. चेहरेही सगळे एका घाटाचे: गोल, भरलेले, बारीक लांबट डोळ्यांचे, चिमुकल्या तोंडाचे, खांद्यांवर केसांच्या लांब बटा. पुरुष आणि स्त्री ओळखायची तर टोपी, दाढी पाहावी लागते. चंद्रासारखा चेहरा हा फारसी कवींचा सौंदर्याचा आदर्श होता, आणि त्या आदर्शामागे मध्य आशियातल्या बौद्ध मूर्तींची आठवण असावी असे काही अभ्यासक सांगतात. फारसी काव्यात सुंदर माणसाला बुद्धमूर्तीची उपमा दिलेली सापडते. अजिंठा ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही आठवण दूरची वाटू नये.

दरबाराबरोबर गोष्टीही येतात, आणि त्या बहुतेक फिरदौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यातल्या. हा ग्रंथ १०१० साली पुरा झाला. मुंबईकरांना त्यातले वीर परके नाहीत. १८५३ साली, ज्या वर्षी विष्णुदास भावे आपली सांगलीची मंडळी घेऊन मुंबईत खेळ करत होते, त्याच वर्षी पारशी मंडळींनी पहिले नाटक उभे केले ते रुस्तुम आणि सोहराब यांचे. शाहनाम्यातला बहराम गूर तर थेट हिंदुस्थानात येतो, इथल्या राजाची मुलगी लग्न करून नेतो आणि मागाहून इथले गाणारे-वाजवणारे इराणात बोलावून घेतो, असे फिरदौसी सांगतो.

हाच बहराम गूर वाडग्यांवर पुन्हा पुन्हा दिसतो. उंटावर तो पुढे, मागे त्याची आवडती गाणारीण आझादा, तिच्या हातात चंग. ती त्याला डिवचते: हरणाचा खूर आणि कान एकाच बाणाने शिवून दाखव. बहराम आधी एक खडा मारतो, हरीण कान खाजवायला पाय वर नेते, आणि त्याच क्षणी बाण सुटतो. नेम अचूक बसतो. आझादा कौतुक करत नाही. तिला मुक्या जनावराची कीव येते, ती त्याला निर्दय म्हणते. बहराम रागाने तिला खाली ढकलतो आणि उंटाच्या पायाखाली तुडवतो. चित्रकाराने हे सगळे एकाच वर्तुळात बसवले आहे. वर उंटावर आझादा वाजवते आहे. खाली, त्याच उंटाच्या पायांशी, तीच आझादा पडलेली आहे. कोपऱ्यात हरीण, पाय कानाशी शिवलेला. आधी आणि नंतर यांच्यामध्ये रेषा नाही. पाहणाऱ्याला गोष्ट ठाऊक आहे हे चित्रकाराने गृहीत धरले आहे. रंग सुंदर, उंटाची झूल सुंदर, आणि त्या सौंदर्याच्या पायाखाली एक बाई मेलेली आहे. दरबारी चित्रे म्हणजे नुसता थाटमाट, असे ज्यांना वाटते त्यांनी हा वाडगा नीट पाहावा. पुढे निजामी या कवीने ११९७ च्या सुमारास ही गोष्ट नव्याने लिहिली तेव्हा बाईला जिवंत ठेवले आणि शेवटी राजालाच तिची माफी मागायला लावली. कुंभारांनी मात्र फिरदौसीचीच गोष्ट धरून ठेवली.

दुसरी वस्तू वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयातली. उंची जेमतेम १२ सेंटिमीटर, एक पेला. त्याच्या अंगावर तीन पट्ट्यांत, लहान लहान चौकटींत, बिझन आणि मनिझा यांची गोष्ट चितारली आहे. इराणी वीर बिझन शत्रूच्या मुलखात जातो, तुराणचा राजा अफ्रासियाब याच्या मुलीच्या, मनिझाच्या, प्रेमात पडतो, पकडला जातो, आणि राजा त्याला खोल विहिरीत टाकून वर प्रचंड शिळा ठेवतो. मनिझाला घराबाहेर काढतात. ती दारोदार भाकरी मागून फटीतून त्याला घालते. मग रुस्तुम येतो, पण सैन्य घेऊन नव्हे, व्यापाऱ्याच्या वेशात, मालाचे तांडे घेऊन. भाजलेल्या कोंबडीत अंगठी लपवून तो बिझनला निरोप धाडतो आणि शेवटी एकट्याने शिळा उचलतो. पेला हातात फिरवत जावे तशी गोष्ट पुढे सरकते. आपल्याकडे पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र पुढे करत रामायण सांगतात. त्या पेल्याजवळही कोणी सांगणारा बसत असेल असे मला फार वाटते. आणि ज्या व्यापाऱ्याने तो विकत घेतला, त्याला गोष्टीतला सर्वांत मोठा वीर व्यापारी होऊन येतो हे किती भावले असेल.

या पेल्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. शाहनाम्याच्या चित्रमय हस्तलिखितांपैकी जी सर्वांत जुनी आज हाती आहेत ती १३०० च्या आसपासची. त्याआधीची फारसी चित्रकला पाहायची तर कागद जवळजवळ काही देत नाही. माती देते. इराणी चित्रकलेच्या इतिहासातले एक आख्खे शतक कुंभारांनी सांभाळून ठेवले आहे.

१२२० च्या सुमारास मंगोल आले. रय उद्ध्वस्त झाले. मिनाई विरळ होत गेली आणि तिची जागा गर्द निळ्यावर सोनेरी वेलबुट्टीच्या भांड्यांनी घेतली. माणसे भांड्यांवरून हळूहळू उतरली. काशानच्या फरशा मात्र पुढेही घडत राहिल्या, आणि तिथूनच ही कला आपल्या दाराशी येते.

दख्खनमधले बहमनी सुलतान इराणी माणसांना आवर्जून बोलवत. गिलानचा महमूद गावान १४५३ मध्ये बीदरला आला, वजीर झाला, आणि १४७२ मध्ये त्याने तिथे मदरसा बांधला. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरशांची नक्षी होती. १६९६ च्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग ढासळला, तरी उरलेला मनोरा पाहताना आजही खुरासानात उभे असल्यासारखे वाटते. बीदरच्याच तख्त महालात कमानीवर सूर्य पाठीवर घेतलेला वाघ फरशांत काढलेला आहे. सूर्य पाठीवर घेतलेला सिंह तेराव्या शतकातल्या काशानी फरशीवरही आहे. ती फरशी पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. दौलताबादला चांद मिनारवर कधीकाळी अशाच चकचकीत फरशा होत्या, आणि किल्ल्यात वर चढताना चिनी महाल लागतो. नाव फरशांवरून पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह औरंगजेबाच्या कैदेत तिथेच राहिला आणि तिथेच वारला. त्या पडक्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडे तुकडे अजून तग धरून आहेत.

इथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. काशानमध्ये, जिथे राजा नव्हता, तिथे भांड्याभांड्यावर राजा बसला. बीदर-दौलताबादला, जिथे राजे खरोखर राहत होते, तिथे त्यांच्या भिंतींवर वेली, अक्षरे, भौमितिक आकृत्या आणि फार तर वाघ. राजाला भिंतीवर राजा नको असतो. तो स्वतःच तिथे असतो. दरबाराचे चित्र लागते ते ज्याच्याकडे दरबार नाही त्याला.

याची खूण आमच्या परिसरातही आहे. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूरच्या राठवा घरांत ओसरीच्या भिंतीवर पिठोरा लिहितात. रांगेने घोडे, घोड्यांवर देव, हत्तीवर अंबारीत राजा भोज, आणि त्याच भिंतीवर नांगर धरलेला शेतकरी, पाणी भरणारी बाई. पाऊस पडावा, घरातले आजारपण जावे म्हणून केलेला तो नवस असतो; लखारा चित्र काढतो आणि बडवा, म्हणजे पुजारी, ते ओळखून दाखवतो तेव्हाच ते पुरे होते. आमच्या अक्कलकुव्याच्या काठी संस्थानची राजवाडी होळी घ्या. संस्थान गेले, होळीचा मान राहिला. दऱ्याखोऱ्यांतून माणसे मोरपिसांचे टोप घालून, अंगभर ठिपके रंगवून, कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचतात. पिठोऱ्याचा काशानशी काही संबंध आहे असे मी म्हणत नाही. संबंध जोडण्याची घाई करू नये. पण राजवैभवाचे चित्र साधा माणूस आपल्या घरात का आणतो हे मला पिठोऱ्याच्या भिंतीने शिकवले. काशानच्या वाडग्याच्या काठावरचा आशीर्वाद आणि राठव्याचा नवस, दोन्हींत मागणे एकच आहे: बरकत.

शेवटी या भांड्यांच्या दुर्दैवाविषयी लिहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोप-अमेरिकेत त्यांना मोठी किंमत येऊ लागली आणि इराणात रात्री-बेरात्री टेकाडे उकरली गेली. कुठल्या जागी, कुठल्या थरात, कशाबरोबर भांडे मिळाले याची नोंद कोणी केली नाही. व्यापाऱ्यांनी सरसकट 'रयची भांडी' म्हणून ती विकली, आणि काशानचे नाव पुढे यायला अनेक वर्षे गेली. तुटकी भांडी दुसऱ्या भांड्यांचे तुकडे लावून अख्खी केली गेली, उडालेले चेहरे नव्या रंगाने भरले गेले. त्यामुळे आज संग्रहालयातल्या कितीतरी मिनाई वाडग्यांवर मूळचे काय आणि शंभर वर्षांपूर्वीच्या दुकानदाराचे काय, हे सूक्ष्मदर्शकाखाली धरून ठरवावे लागते. वाचकाने पुढच्या पानांतले चित्र पाहताना हे लक्षात ठेवावे: जे फार अखंड, फार टवटवीत दिसते त्याच्याकडे थोडे संशयाने पाहावे.

आणि आपल्या तापीकाठच्या वाचकांना एक विनंती. प्रकाशा, थाळनेर आणि काठावरच्या कितीतरी गावांच्या पांढरीत नांगराला, पाइपलाइनच्या चरीला रंगवलेली खापरे लागतात. ती घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवू नका, भंगारवाल्याला किंवा कुठल्या 'अँटिक'वाल्याला देऊ नका. जिथे सापडले तिथेच फोटो काढा, गावाचे नाव, गट नंबर, तारीख आणि किती खोल मिळाले ते कागदावर लिहा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा. जागेची नोंद असलेले बोटभर खापर हे नोंद नसलेल्या अख्ख्या वाडग्यापेक्षा अभ्यासाला जास्त मोलाचे असते.

म्हसावद, ता. शहादा, जि. नंदुरबार